कामिनीच्या पोटात अडकलेली मी

बोलणारी मी एक गोळी आहे, पण माझ्यात औषधाचा कणसुद्धा नाही. माझ्या आत एक इवलासा कॅमेरा, बारीक दिवे आणि त्याहून बारीक बॅटरी आहे. माणसाने मला पाण्याबरोबर गिळायचं, मी त्याच्या आतड्यांतून सरकत फोटो काढत जायचं आणि बॅटरी संपली की मुकाट्याने बाहेर पडायचं. आमच्या जातीला लोक कॅप्सूल म्हणतात.

आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. अंधारात काम करणाऱ्याने अंधाराला भिऊ नये हे मलाही कळतं. पण कळून काय उपयोग?

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण नव्हता. हातमोजे घातलेल्या, तोंड झाकलेल्या एका बाईने मला जोडलं, माझे दिवे लागतात का ते पाहिलं आणि डबीत बंद केलं. डबीत लोहचुंबक असतो. तो जवळ असेपर्यंत आमचा डोळा उघडत नाही. कान मात्र उघडे राहतात. म्हणूनच तर मी भिऊ लागले. ज्याला दिसत नाही आणि नुसतं ऐकू येतं, त्याला सगळंच मोठं वाटतं.

तिथून मी नंदुरबारच्या एका रुग्णालयातल्या कपाटात आले. डॉक्टर स्वप्नाली तिथे आतड्याच्या आजारांचा अभ्यास करत होत्या. कपाटातल्या माझ्या बहिणी एकेक करून बाहेर जात आणि परत कुणीच येत नसे. त्या जातात कुठे, हे मला कळेना. मग एक दिवस दीपमाला सिस्टर फोनवर आपल्या आईला हसत हसत सांगताना ऐकलं, "अवं माय, संडासमा पडी जास, दुसरं काय!"

त्या दिवसापासून कपाटाचं दार वाजलं की मी डबीच्या तळाशी चिकटून बसे.

एके दिवशी कामिनी आली. तापीकाठच्या केळीच्या गावातली, गुजर शेतकऱ्याच्या घरची सून. वय तिशीच्या आतलं. सोबत नवरा हेमकांत आणि सासू जसोदाबाई. डॉक्टर प्रश्न कामिनीला विचारत आणि उत्तरं जसोदाबाई देत.

"जेवण जातं का?"

"काय जेवन, मॅडम! दोन घास खास आन् उठी जास. घरमा काय कमी शे? पन नुसतं सोंग."

माणसांची ही रीत मला पुढेही पुष्कळ भेटली. पोट एकाचं दुखतं आणि बोलतात दुसरेच.

डॉक्टरांनी दोघांना बाहेर बसायला सांगितलं. मग कामिनी हळूहळू बोलायला लागली. जेवलं की थोड्या वेळाने पोटात कुणीतरी दोर पिळल्यासारखं व्हायचं. म्हणून ती जेवणंच टाळायची. ताटातली भाकर पदराखाली लपवून म्हशीला घालायची. अंग वाळत चाललं होतं, रक्त कमी झालं होतं. एका डॉक्टरने आम्लपित्त म्हटलं, दुसऱ्याने अशक्तपणा, तिसऱ्याने झोपेची गोळी देऊन मनाला लावून घेऊ नका म्हणून सांगितलं.

हेमकांतला आत बोलावून डॉक्टरांनी अभ्यासाची माहिती दिली, तेव्हा तो ताडकन म्हणाला, "म्हंजे मन्ही बायकोवर प्रयोग?"

"अभ्यास आहे, दादा. तुम्ही नाही म्हणालात तरी उपचार थांबणार नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. स्कॅनमध्ये आतडं कुठे अरुंद झालेलं दिसलं नाही, तरी गोळी अडकण्याची शक्यता थोडी उरतेच. अडकली तर एखादवेळी ऑपरेशनही लागू शकतं."

अडकण्याची! मी कपाटात गारठले. आजवर मला फक्त बाहेर पडण्याची भीती होती. बाहेर न पडण्याची भीती असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

हेमकांत नको म्हणाला. पण कामिनीचा आवाज पहिल्यांदाच स्पष्ट आला. "दोन वरिस व्हई गयात. मन्हा पोटमा काय शे, ते एकदाव कोनले तरी दखू द्या."

दुसऱ्या खेपेला ती उपाशीपोटी आली. दीपमाला सिस्टरांनी तिच्या पोटावर तारा चिकटवल्या, कमरेला फोटो साठवणारं यंत्र बांधलं आणि मला डबीतून काढलं. माझे दिवे लागले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माणसाचा चेहरा दिसला. कोरडे ओठ, घामाने ओली टिकली आणि मोठे मोठे घाबरलेले डोळे. त्या डोळ्यांना मी दिसत होते आणि मला ते. आम्ही दोघी एकमेकींना भीत होतो.

तिने डोळे मिटले, पाण्याचा घोट घेतला आणि मी आत गेले.

जठरात मी बराच वेळ गटांगळ्या खाल्ल्या. मग एका दारातून लहान आतड्यात घसरले, आणि खरं सांगते, क्षणभर भीती विसरले. माझ्या उजेडात भिंतीवरची कोवळी लव गव्हाच्या पोपटी शेतासारखी डोलत होती. हेच बघायला आपला जन्म झाला, असं मला वाटलं. भराभर फोटो काढत मी पुढे निघाले.

पुढे लव विरळ झाली. मग दिसला एक व्रण, कडेने लाल आणि मधे पांढरट. मग आणखी एक. मग एकाला एक लागून कितीतरी. ही बाई सोंग करत नव्हती! मी मोठ्याने ओरडले असते, पण मला फोटोशिवाय दुसरं काही बोलता येत नाही.

त्या व्रणांच्या पलीकडे भिंती सुजून जवळ आल्या होत्या आणि मधे तुरीच्या दाण्याएवढं भोक होतं. आतड्याने मला मागून ढकललं, मी त्या भोकावर आदळले आणि मागे आले. पुन्हा ढकललं, पुन्हा आदळले. दर वेळी कामिनी "आई गं" म्हणून वाकायची. तिला दुखत होतं आणि दुखवत होते मी.

मग दिवे मंद झाले. शेवटचा फोटो त्या भोकाचाच निघाला. त्यानंतर अंधार पडला. तेव्हापासून मी काही पाहिलेलं नाही, जे सांगते आहे ते नुसतं ऐकलेलं आणि अंगाला जाणवलेलं.

घरी गेल्यावर रोज सकाळी जसोदाबाई न्हाणीघराच्या दारातून विचारत, "निंघनी का वं?"

"नई."

"केय खा, केय. केय सगळं लोटी देस."

ज्या घरात केळीचे घड अंगणात पडलेले, तिथे औषधाला काय तोटा! कामिनी केळी खायची, पण मी हलत नव्हते. शेजारच्या कमलीबाई एरंडेलाची बाटली घेऊन आल्या, तेव्हा कामिनीनेच त्यांना परत पाठवलं. डॉक्टरांनी विचारल्याशिवाय काही घेऊ नको म्हणून सांगितलं होतं. हळूहळू गल्लीत सगळ्यांना कळलं की हेमकांतच्या बायकोच्या पोटात कॅमेरा अडकलाय. बायका तिच्यासमोर बोलताना आवाज बारीक करत. मी आत बसून त्यांचं बोलणं टिपते की काय, अशी त्यांना भीती. मीच भीतीने अर्धमेली झालेली, आणि मला भिणारी माणसं!

एक्स-रे काढला. मी त्यात अजून तिथेच अडकलेली दिसले. डॉक्टर स्वप्नाली पेनाचं टोपण काढत होत्या आणि लावत होत्या. तो टकटक आवाज माझ्यापर्यंत येत होता. शिकलेली माणसं भ्यायली की अशी भितात, हे मला तेव्हा कळलं.

मग खालच्या बाजूने दुर्बीण घालून सुजलेल्या भिंतीचा तुकडा तपासायला काढला. ती दुर्बीण माझ्या अगदी जवळ आली होती. भोकाच्या पलीकडे मला तिची चाहूल लागली. आता ही मला ओढून नेणार, असं वाटलं. पण ती भोकातून येऊ शकली नाही. थांबली आणि मागे फिरली. तिचा आवाज दूर जात नाहीसा झाला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपण इथून कधीच सुटणार नाही.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं.

"गोळीने काढलेल्या फोटोंत व्रण स्पष्ट दिसतात. कामिनीताईंचं दुखणं खरं आहे, आधी हे सगळ्यांनी ऐका. पण असे व्रण दोन आजारांत होतात. एक टी.बी. तो फुप्फुसासारखा आतड्यालाही होतो. दुसरा क्रोन नावाचा. त्यात शरीर आपल्याच आतड्याशी भांडत बसतं. दोन्ही दिसायला सारखे, औषधं मात्र उलटी. टी.बी. असताना क्रोनचं औषध दिलं तर टी.बी. भडकेल. क्रोन असताना टी.बी.चं दिलं तर मोलाचे महिने वाया जातील."

"मंग मले यातलं काय शे?" कामिनीने विचारलं.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "मला माहीत नाही. तुकड्याच्या तपासणीतूनही नक्की कळलेलं नाही. हे दोन आजार लवकर कसे ओळखायचे, त्यासाठीच आमचा अभ्यास आहे."

हेमकांतची खुर्ची मागे सरकली. "माहीत नई? बायकोना पोटमा गोळी अडकाडी दिन्ही आन् म्हनतस माहीत नई! चाल वं, सुरतले जाऊत. कापीसन काढी टाकतीन."

"जायचं असेल तर सगळे फोटो, सगळे रिपोर्ट मी देते," डॉक्टर म्हणाल्या. "ऑपरेशन हाही चुकीचा रस्ता नाही. दुसरा रस्ता म्हणजे टी.बी.चं औषध सुरू करून लक्ष ठेवायचं. टी.बी. असला तर सूज उतरेल, वाट मोकळी होईल आणि गोळी आपोआप पडेल. पण उलटी झाली, पोट फुगलं, तर त्याच पावली इथे यायचं."

मी श्वास रोखून ऐकत होते. एकीकडे सुरी होती, दुसरीकडे हाच अंधार. मला कुणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? बरं झालं विचारलं नाही.

कामिनी नवऱ्याला म्हणाली, "इतला डॉक्टर दखात. 'मले माहीत नई' म्हननाऱ्या ह्याच पहिल्या. बाकी सगळास्ले माहीत व्हतं, मन्हं सोंग शे म्हनीसन. मी आठेच औषध लिसू."

तिघे खोलीबाहेर आल्यावर डॉक्टरांनी फोन लावला. त्या दाराजवळ होत्या आणि कामिनी बाहेरच्या बाकावर, म्हणून मला शेवटचं थोडं ऐकू आलं. "अभ्यासावर देखरेख ठेवणाऱ्या समितीला मीच कळवते. हो, गोळी अडकलीय. अभ्यास थांबवा म्हणाले तर थांबवू."

औषध सुरू झालं आणि घरात वेगळीच भीती शिरली. टी.बी. हा शब्द ऐकून जसोदाबाईंनी कामिनीचं ताट-वाटी वेगळी केली. हा टी.बी. ताटाताटांतून पसरत नाही, हे डॉक्टरांनी समजावलं होतं. सासूबाईंनी हो हो म्हटलं आणि ताट वेगळंच ठेवलं. कामिनी मागच्या ओट्यावर बसून खिचडी खायची. तिथे कुणी नसलं की ती पोटावर हात ठेवून माझ्याशी बोलायची.

"ए बाई, तू बी एकली, मी बी एकली. तुले बी भ्याव वाटस का वं?"

वाटतं गं, खूप वाटतं. पण ते तिला सांगू कसं?

पुढे काही आठवड्यांनी एक नवल घडलं. कामिनीला भूक लागायला लागली! थंडीचे दिवस होते. मळ्यात वांगी भाजून भरताचा बेत केला होता, सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाची, म्हणजे कळण्याची भाकर. कामिनीने एक भाकर खाल्ली आणि म्हणाली, "आई, आजून द्या."

जसोदाबाईंच्या पळीचा आवाज थांबला. लग्न होऊन आल्यापासून या सुनेने दुसऱ्यांदा कधी मागितलं नव्हतं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी भरीत वाढलं, वर तेलाची धार सोडली, कांद्याची पात ठेवली आणि पुन्हा वाढलं. "खा, मन्ही माय, खा."

तो सगळा घास माझ्या मागे येऊन साचला. सूज पुरती उतरली नव्हती. मी भोकात बुचासारखी बसले होते आणि मागून लोटावर लोट येत होता. आतडं पिळवटत होतं, थांबत होतं, पुन्हा पिळवटत होतं. वर कामिनी ओकत होती. तिचं पोट ढोलासारखं ताणलं. मला मागेही सरता येईना, पुढेही जाता येईना. ही बाई आता माझ्यामुळे मरणार, एवढंच माझ्या मनात होतं. अंधाराची भीती त्यापुढे काहीच नव्हती.

हेमकांतने केळीची पिकअप काढली. रस्ताभर जसोदाबाई तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिची उलटी आपल्याच पदराने पुसत होत्या. वेगळं ताट कुठल्या कुठे राहिलं. प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावर गाडी आली तेव्हा त्या पुटपुटल्या, "तापी माय, मी वाढं वं तिले. मी वाढं. तिले काही करू नको."

रुग्णालयात कामिनीच्या नाकातून नळी घातली, सलाईन लावलं. शस्त्रक्रियेचे डॉक्टर पोट दाबून म्हणाले, "संध्याकाळपर्यंत वाट बघू. नाही उतरलं तर उघडावंच लागेल." डॉक्टर स्वप्नाली तिथून हलल्या नाहीत. हेमकांत खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. आज तो चिडला नाही.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "तुमले भ्याव वाटस का?"

"वाटतं ना."

 थोड्या वेळाने त्याने त्यांच्यासाठी चहा आणला, एवढं मी ऐकलं.

नळीतून मागचा भार हळूहळू उपसला गेला. माझ्या अंगावरचा दाब कमी झाला. दिवस मावळता मावळता आतड्यात हवेचा एक बुडबुडा माझ्या कडेने सरकत त्या भोकातून पलीकडे गेला. मग दुसरा गेला. कामिनीचं पोट मऊ पडायला लागलं. शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी पुन्हा हात लावून पाहिलं आणि म्हणाले, "आज नको." बाहेर जसोदाबाई रडायला लागल्या. आतापर्यंत त्यांनी रडूसुद्धा आवरून धरलं होतं.

त्यानंतर पातळ पेज, गाळलेलं वरण आणि गोळ्या. घरी सासूसुना एकाच ताटात जेवू लागल्या. मी दर दिवशी भिंतीला अंग लावून बघत होते. ती आधी फणसासारखी कडक होती. मग जरा नरम लागली. आणि एका सकाळी मागून नेहमीसारखा धक्का आला, मी नेहमीसारखी आदळायला निघाले आणि आदळलेच नाही! भिंतींनी मला घट्ट आवळलं, खरवडलं आणि पलीकडे सोडून दिलं.

पुढची वाट रुंद होती. कुठे पोचणार हे मला दीपमाला सिस्टरांच्या कृपेने ठाऊक होतंच. ज्या शेवटाला मी कपाटात असताना इतकी भ्याले, त्याच्याकडे आता धावत निघाले होते.

डॉक्टरांनी दिलेल्या भांड्यात मी टणकन वाजले.

"उनी! आई, उनी!"

"कोन उनी?" जसोदाबाई धावत आल्या. "पाव्हनी?"

"गोळी उनी!"

कामिनी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. चिमट्याने उचलून, उकळत्या पाण्याने धुऊन तिने मला काढलं. जसोदाबाईंनी मला निरखलं असावं. "इतलीशी शे? आन् आमले इतलं रडाडं!" हेमकांतने मला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून नंदुरबारला नेलं.

कामिनीला टी.बी.च होता. औषधाचा पूर्ण काळ संपल्यावर पुन्हा दुर्बीण घातली, तेव्हा व्रण भरून आले होते. समितीने अभ्यास काही काळ थांबवला, पुष्कळ प्रश्न विचारले आणि मग एक नवा नियम घालून पुन्हा सुरू केला. जेवल्यावर ज्याचं पोट दुखतं, त्याला आधी विरघळणारी साधी गोळी द्यायची. ती अडकली तर अडकल्या जागी विरघळून जाते आणि वाट अरुंद आहे एवढं सांगून जाते. तिच्यात कॅमेरा नाही. तिला कपाटात भीती वाटते का, ते मला माहीत नाही.

मी आता आंधळी आहे. निर्जंतुक करून मला काचेच्या बाटलीत घातलंय आणि बाटली डॉक्टरांच्या टेबलावर असते. नवा माणूस आला की डॉक्टर मला त्याच्या हातात देतात. कुणी बाटली हलवून बघतं, कुणी कानाला लावतं.

परवा भटू नावाचे एक शेतकरी आले होते. त्यांनी बाटली बराच वेळ हातात धरली.

"मॅडम, ही अडकस का?"

"अडकू शकते. हीच एकदा अडकली होती," डॉक्टरांनी सांगितलं आणि कामिनीची सगळी हकिकत नाव न घेता सांगितली. भरताची सुद्धा. स्वतःला वाटलेल्या भीतीची सुद्धा.

भटूंनी सगळं ऐकून घेतलं. "मंग आज नको. घरवालीले लई येस. तिले बी इचारनं व्हई."

ते चिडले नव्हते, लाजलेही नव्हते. डॉक्टरांनी बाटली जागेवर ठेवली. "नक्की आणा. त्यांच्या प्रश्नांनाही वेळ ठेवते."

तुम्हालाही कधी कुणी माझ्यासारखं काही गिळायला सांगितलं, तर आधी असंच विचारा. भ्यालात म्हणून कुणी हसलं, तर त्याला हसू द्या. उत्तर मिळेपर्यंत मात्र खुर्ची सोडू नका. मला बोलता येत नाही म्हणून आयुष्यभर मी नुसतं ऐकलं. तुम्हाला तर तोंड आहे.

दार वाजलं. भटूंचा आवाज आहे, आणि त्यांच्या मागून एका बाईचा. तिने अजून खुर्ची ओढलेली नाही, पण तिचा पहिला प्रश्न सुरू झालाय.